माझ्या पाठीमागच्या कुरडया

मी खिडकीतला एसी बोलतोय. म्हणजे जुन्या पद्धतीचा, एकाच खोक्यातला. तोंड खोलीत आणि पाठ घराबाहेर. हल्लीच्या एसींसारखा अर्धा आत, अर्धा बाहेर असा माझा संसार विभागलेला नाही. आज मात्र मी खिडकीत नाही. नाशकात द्वारका चौकाजवळच्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, गॅलरीच्या फरशीवर बसलोय. उद्या सकाळी इथून जाणार आहे. जाण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती पोटात घेऊन जाववत नाही.

आधी माझ्याविषयीचा एक गैरसमज काढतो. लोकांना वाटतं, मी थंडी तयार करतो. मी काहीही तयार करत नाही. मी हमाल आहे. खोलीतली उष्णता उचलायची आणि पाठीकडून बाहेर टाकायची, एवढाच माझा धंदा. पुढून गार वारा येतो म्हणून सगळे माझ्या तोंडासमोर बसतात, 'आहाहा' म्हणतात. पाठीमागे कसली भट्टी पेटलेली असते ते बघायला कुणी येत नाही. जगाची रीतच आहे, मी मनावर घेत नाही. खरं सांगायचं तर घेतो थोडंसं.

माझी पहिली अकरा वर्षं देवळाली कॅम्पात गेली, एका लष्करी साहेबांच्या बंगल्यात. मला रिमोट नाही, पुढे एक गोल बटण आहे. बाईसाहेब ते बटण, म्हणजे माझा कान, शेवटपर्यंत पिळायच्या आणि मग जाड रजई घेऊन झोपायच्या. खोली गार करायची आणि पुन्हा अंगाला ऊब आणायची, या माणसांच्या कारभाराचा मला आजवर उलगडा झालेला नाही. दर उन्हाळ्यापूर्वी मला उतरवून धुवायचे, पुसायचे, एवढं मात्र कबूल करतो.

साहेबांची बदली झाली. कॅम्पातली बिऱ्हाडं अशी उठतात तेव्हा निम्मं सामान व्हरांड्यात विकायला मांडतात. माझ्या एका बाजूला मुलाची सायकल होती, दुसऱ्या बाजूला तुळशीची कुंडी. कुंडीकडे बघणारे खूप, माझ्याकडे बघणारं कुणी नाही. अशात एक तरुण टेम्पो घेऊन आला. त्यानं ना रंग बघितला ना आकार. "हा दिवसभर चालेल ना? न थांबता?" एवढंच त्यानं विचारलं. त्याचं नाव हर्षल.

दिवसभर कशासाठी, ते घरी आल्यावर कळलं. हर्षलचे वडील सावळीराम सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. हयातभर मोठमोठी यंत्रं खोलली, जोडली, कधी नखाला इजा झाली नाही. निवृत्तीनंतर सोसायटीच्या गच्चीवर टाकीचा व्हॉल्व्ह गळतो म्हणून हौसेनं बघायला चढले आणि शिडीवरून पडले. पाठीचा कणा दुखावला. हात चालतात, बोलणं चालतं, पण छातीखालचं शरीर गेलं ते गेलंच.

अशा माणसाला एक विचित्र त्रास असतो. छातीखाली घाम येत नाही. घाम नाही म्हणजे अंग आपलं आपण गार होत नाही. बाहेर तापलं की तेही तापत जातं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "खोली अठ्ठावीसच्या वर जाऊ द्यायची नाही. यांच्यासाठी ती चैन नाही, औषध आहे." हर्षलनं पलंगाशेजारी भिंतीवर तापमान दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र लावलं आणि खिडकीत मला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला औषध म्हटलं होतं. मी जरा ताठच बसलो.

माझं तोंड सावळीरामांकडे होतं आणि पाठ गॅलरीत, त्यांच्या पत्नीकडे, सुमनबाईंकडे. त्या दिवसभर गॅलरीतच काही ना काही करत. धुणं, भाजी निवडणं, नवऱ्याचे मलमपट्टीचे कपडे उकळून वाळत घालणं. बोलणं कमीच. नवरा पडल्यापासून त्यांनी दोन गोष्टी सोडल्या होत्या. एक, गच्चीवर जाणं. जिथून तो माणूस उचलून खाली आणला तिथं त्यांचा पाय वळत नव्हता. दुसरी, गुणगुणणं. पूर्वी काम करताना त्या गुणगुणायच्या म्हणे. मी ते कधी ऐकलं नव्हतं.

यंदा लेकीचं, योगिनीचं, लग्न ठरलं. वैशाखातली तारीख. योगिनी पुण्याला नोकरीला. फोनवर म्हणाली, "आई, रुखवताचं सगळं विकत मिळतं आता. तू काही करत बसू नकोस." फोन ठेवल्यावर सुमनबाई नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऐकलंत? विकतच्या कुरडया मांडायच्या म्हणे रुखवतात! अख्ख्या भावकीच्या लग्नांत माझ्या हातच्या कुरडया गेल्यात. आणि माझ्याच पोरीच्या ताटांत दुकानातल्या?"

"मग कर की," सावळीराम म्हणाले.

"वाळवू कुठं? गॅलरीत ऊन येत नाही. आणि गच्चीवर..." त्या थांबल्या. तेही थांबले. मी मधे बसून दोघांचं थांबणं ऐकत होतो.

तरी गहू भिजले. तीन दिवस पाणी बदलून, वाटून, चीक काढून, शिजवून झाला. पहिल्या दिवशी सोऱ्यातून कुरडया पाडल्या त्या डासांच्या जाळीच्या दोन जुन्या चौकटींवर, वर धोतराचं फडकं अंथरून. ऊन नाही, चीक आंबायची भीती. सुमनबाई हवालदिल होऊन माझ्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि माझ्या पाठीची झळ त्यांच्या दंडाला लागली. त्यांचा चेहरा बदलला. चौकट त्यांनी कठड्यावर आणि माझ्या लोखंडी स्टँडवर आडवी टेकवली, दुसरी तिच्यावर हातभर उंच. मग कबुतरं येऊ नयेत आणि झळ वाया जाऊ नये म्हणून सगळ्याभोवती एक जुनी साडी गच्च गुंडाळून माझ्याच पिंजऱ्याला गाठी मारल्या.

तुमच्या नाकातोंडावर उशी दाबून कुणी 'आता पळ' म्हटलं तर कसं वाटेल? तसं मला झालं. मी उष्णता टाकायची आणि साडीनं ती अडवून पुन्हा माझ्याच अंगावर फेकायची. पण संध्याकाळपर्यंत कुरडया खडखडीत! सुमनबाई एक कुरडई हातात घेऊन धावतच आत गेल्या.

"अहो, बघा तरी! एसीच्या मागच्या झळीवर वाळल्या. काय युक्ती काढली का नाही?" मग जरा घाबरून, "मशीनला काही होणार नाही ना पण? तुम्हाला कळतं त्यातलं."

मला हायसं वाटलं. तीस वर्षांचा फिटर समोर. आता तो सांगेल, बाई गं, त्याचा श्वास कोंडतोय, सोड ती साडी.

सावळीरामांनी कुरडई हातात घेऊन उजेडात धरली. तिच्याकडे बघितलं, मग बायकोकडे बघितलं. "काय होतंय त्याला?" ते म्हणाले. "लोखंडाचं हे ते. कर तू बिनधास्त."

स्पष्टच सांगतो, मला फार राग आला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी अबोला धरला असता, पण वारा बंद ठेवणं माझ्या हातात नाही.

म्हणजे एका अर्थानं आहे. माझ्या पोटात कंप्रेसर असतो, सगळं ओझं तोच वाहतो. तो फार तापला की आतला एक चिमुकला खटका पडतो आणि त्याला बंद करतो, जळून जाऊ नये म्हणून. पंखा फिरत राहतो, पण तो वारा नुसता वारा. दहा-पंधरा मिनिटांनी निवला की पुन्हा सुरू. एप्रिलच्या दुपारी हे रोजचं झालं. बाराला खट्, एकला खट्, दीडला खट्. सुमनबाईंना वाटायचं मी म्हातारा झालो. सावळीरामांना प्रत्येक खट् ऐकू यायचा. ते माझ्याकडे बघायचे आणि डोळे मिटायचे.

गॅलरीतून त्या विचारायच्या, "किती झालं हो?" चष्म्याशिवाय त्यांना भिंतीवरचा आकडा दिसत नाही.

"अठ्ठावीस," सावळीराम सांगायचे.

एकतीस असायचे. कधी बत्तीस. ते उशाच्या बाटलीतून पाण्याचा फवारा हळूच अंगावर मारून घ्यायचे आणि पलीकडे सुमनबाई चीक ढवळताना गुणगुणत असायच्या. हो, गुणगुणत. पहिल्या दिवशी तो आवाज आला तेव्हा मला वाटलं माझ्याच पंख्यात काहीतरी घुसलं. मग सावळीरामांचा चेहरा बघितला. माणूस घामाशिवाय भाजत होता आणि हसत होता.

हर्षलनं दोनदा मेकॅनिक आणला. त्याला वेळ संध्याकाळचा, आणि संध्याकाळी साडी सुटलेली, चौकटी आत गेलेल्या. पाठ मोकळी म्हणून मी अगदी शहाण्यासारखा चालायचो. पहिल्या वेळी मेकॅनिक म्हणाला, "गॅस कमी दिसतो," आणि गॅस भरून गेला. दुसऱ्या वेळी म्हणाला, "कंप्रेसर संपला. नवीन घ्या." माझं काहीही संपलेलं नव्हतं. पण यंत्राला साक्ष द्यायला कोण बोलावतं?

मग तो मंगळवार आला. पारा बेचाळीसवर. वर नुसता स्लॅब, त्याच्यावर दिवसभराचं ऊन. मी सहा वेळा थांबलो. सहाव्यांदा सुरू झालो तेव्हा भिंतीवर चौतीस होते आणि सावळीरामांचे डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे. "किती झालं हो?" गॅलरीतून आवाज आला. उत्तर आलं नाही. "अहो?" पुन्हा नाही. सोऱ्या खाली पडल्याचा आवाज झाला आणि सुमनबाई आत धावल्या. अंग नुसतं तवा झालं होतं.

शेजारच्या ठमाबाई आल्या, ओले टॉवेल आले, हर्षल कामावरून तसाच आला, रुग्णवाहिका आली. मग खोलीत मी एकटा. मला बंद करायचं सगळेच विसरून गेले होते. रिकाम्या पलंगाला मी रात्रभर गार वारा घालत होतो.

शुक्रवारी सकाळी त्यांना घरी आणलं. डॉक्टरांनी हर्षलला बाहेर घेऊन सांगितलं होतं, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. हर्षल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा डबा आधी काढतो." पण ऐन उन्हाळा, नवा एसी बसवायला माणूस दहा दिवसांनी मिळणार. तोवर कसं? ठमाबाईंनी एक नंबर दिला. "पोरगी आहे, पण हात चांगलाय तिचा."

तिला संध्याकाळ मोकळी नव्हती म्हणून ती दुपारी एकला आली. माझं नशीब.

सुमनबाईंनी दार उघडलं. "मेकॅनिक कधी येणारे, बाळा?"

"आलाय की, काकू. मीच." तेजल तिचं नाव. कळवणकडची, आयटीआय शिकलेली, खांद्याला अवजारांची पिशवी.

आणि गॅलरीत? सांगायला नको, पण सांगतो. साडी गुंडाळलेलीच होती. भिजवलेला गहू काही कुणाच्या आजारपणासाठी थांबत नाही. ठमाबाईंनी तीन दिवस पाणी बदलून चीक राखला होता, लग्नाला बारा दिवस उरले होते, आणि त्या साडीचा नवऱ्याच्या तापण्याशी संबंध आहे हे सुमनबाईंना कुठे ठाऊक होतं?

तेजल माझ्यासमोर उभी राहिली. तिनं मला खोललं नाही, आधी ऐकलं. पाचेक मिनिटांत खट् झालं. "गॅस बराबर हाय," ती म्हणाली. "कंप्रेसर पण. यो दमतोय कशानं? पाठ बघू द्या त्याची." ती गॅलरीत गेली. साडीची एक गाठ सोडली. आतली झळ तोंडावर येताच दोन पावलं मागं सरली. मग साडी ओढून काढली आणि चौकटींकडे बघत राहिली.

"काकू, ह्या कुरडया..."

"रुखवताच्या आहेत," सुमनबाई म्हणाल्या. "छान वाळतात तिथं."

"वाळणारच हो. पण याचं गरम बाहेर जायला पायजे ना? तुम्ही दार लावून घेतलं त्याचं. गरम कोंडलं की यो बंद पडतो. आन् यो बंद पडला की आत काका तापतात." ती सहज बोलून गेली. हर्षलकडे बघितल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो. "तुम्हाला काय माहीत असणार म्हणा. ज्याला मशीनमधलं कळतं त्यालाच कळायचं हे."

सुमनबाई चौकट धरून उभ्या होत्या. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, आत आल्या आणि पलंगाशी उभ्या राहिल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

सावळीरामांनी चादरीची कड सारखी केली.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस."

"आणि अठ्ठावीस, अठ्ठावीस सांगत होतात ते?"

त्यांनी छताकडे बघितलं. "पोरीचं लग्न हे, सुमन. हर्षल हॉल बघतोय, आचारी बघतोय, पत्रिका वाटतोय. मी काय करतोय? पडल्या पडल्या पंख्याची पाती मोजतोय. तुझ्या त्या युक्तीपायी तू तीन वर्षांनी गुणगुणायला लागलीस. म्हटलं, लग्नात आपल्याकडून एवढं तरी होऊ दे. थोडं गरमच तर व्हायचं होतं."

मला वाटलं बाई आता रडतील. त्या भडकल्या.

"थोडं गरम? अहो, तुमचं काही झालं असतं तर त्या कुरडया काय तुमच्या तेराव्याला तळल्या असत्या मी?"

हर्षल खिडकीबाहेर बघायला लागला. सावळीरामांनी हात पुढे केला, सुमनबाईंनी तो झिडकारला आणि मग स्वतःच घट्ट धरला. मग रडल्या. माझा खटका सुटला होता, कंप्रेसर चालू झाला होता, आणि मी जमेल तितका गार वारा त्या दोघांवर सोडत होतो. त्यांच्यावरचा माझा राग तेव्हा गेला. तोवर खरंच होता.

पहिल्यांदा तेजलच बोलली. "काकू, काकांना मागून रागवा हवं तेवढं. पण चीक आंबून जाईल. एका बाजूनं धरा, मी दुसऱ्या बाजूनं धरते. गच्ची कुठाय?"

"गच्चीवर मी जात नाही."

मग सावळीराम म्हणाले, "जा, सुमन. मी पडलो तो टाकीच्या शिडीवरनं. जिना पक्काय आपला."

"मी बसतो बाबांजवळ," हर्षल म्हणाला.

दाराचा आवाज झाला. जिन्यावर पावलं गेली. थोड्या वेळानं ती आमच्या डोक्यावर, स्लॅबवर, वाजली. तेजलची भराभर, सुमनबाईंची सावकाश. एका जागी ती बराच वेळ थांबली. टाकी तिथंच असावी. सावळीराम वर बघत पावलं ऐकत होते. मग ठमाबाईंचा मोठा आवाज आला, "अगं, आधी सांगायचंस ना! कबुतरं हाकायला मी बसते. घरात नुसती झोपा काढते मी दुपारची." मंगळवारचा तो प्रसंग सोडला तर तीन वर्षं एका जिन्यावर राहून सुमनबाईंनी कुणाला काही मागितलं नव्हतं आणि कुणी आपणहून विचारलं नव्हतं.

तेजल खाली आली ती कपाळाला हात लावून. "काका, तुमच्या डोक्यावर तवा हाय तवा! गच्चीला पांढरा चुना मारून घ्या. ऊन परतून जाईल, लय फरक पडतो." मग तिनं माझी पाठ ब्रशनं आणि पाण्यानं धुतली. तीन वर्षांची धूळ, कबुतरांची पिसं, सुकलेल्या चिकाची कणी. माझ्या कडेनं फटी होत्या, त्यांत फोम बसवला. निम्मी थंडी तिथूनच पळत होती. शेवटी मला थोपटून म्हणाली, "हंगाम काढील यो. पण वीज लय खातो, म्हातारा झालाय. पुढं बदला." खोटं बोलली असती तर बरं वाटलं असतं. पण ती खोटं बोलत नव्हती, म्हणून तर सगळं निस्तरलं.

रविवारी हर्षलनं आणि सोसायटीतल्या दोघांनी गच्चीला चुना मारला. सोमवारी भर दुपारी भिंतीवर सत्तावीस होते आणि मी एकदाही थांबलो नाही. वर चार बायकांच्या गप्पांत कुरडया वाळल्या. रुखवत मी बघितलं नाही, मला कोण लग्नाला नेणार? सावळीराम चाकाच्या खुर्चीतून गेले, आणि त्या दिवशी ऐन वैशाखात मला दुपारभर सुट्टी मिळाली. परत आल्यावर हर्षल सांगत होता, व्याह्यांच्या म्हाताऱ्या आत्यानं विचारलं, कुरडया इतक्या पांढऱ्याशुभ्र कशा? बाबा म्हणाले, "आमच्या सौभाग्यवतींचा हात." सुमनबाईंनी तिथंच डोळे वटारले म्हणे.

काल नवा एसी आला. वीज निम्मीच लागते त्याला, आवाज तर येतच नाही. बसवणाऱ्याला सुमनबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "याची गरम हवा कुठून निघते?" तो बिचारा गोंधळला. मला खिडकीतून उतरवल्यावर मागे मोठं भोक राहिलं. हर्षल म्हणाला, प्लाय मारून बुजवू. सावळीराम म्हणाले, "प्लाय नको. काच लाव. सरकती." पलंगावरून हात पोचेल अशी ती आज सकाळीच बसली. तीन वर्षं मी त्या दोघांच्या मधोमध बसून होतो. त्यांना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, हे इतक्या दिवसांत माझ्या ध्यानात आलं नाही.

उद्या तेजल मला नेईल. माझा कंप्रेसर अजून धड आहे, तो कुणाच्या तरी बंद पडलेल्या खोक्यात बसवीन म्हणाली. माझी काही तक्रार नाही. जाता जाता एवढंच म्हणेन, घरात जो कुणी तुमच्यासाठी खपतो, त्याची पाठ एकदा बघून घेत जा. आणि सोसत असाल तर बोला. यंत्राला निदान खटका असतो. फार झालं की तो पडतो. तुम्हाला तो दिलेला नाही, तोंड दिलंय.

आत्ता दुपारचे दोन वाजलेत. सुमनबाई चक्क माझ्यावर बसून लसूण सोलतायत. गुणगुणतायत. काच सरकवून सावळीरामांनी डोकं बाहेर वळवलंय. गार हवा गॅलरीत वाया जातेय, तेजल बघेल तर ओरडेल.

"किती झालं हो?" सुमनबाईंनी विचारलं.

"सव्वीस."

"खरं?"

"येऊन बघ."

सुमनबाईंनी लसणाचं ताट बाजूला ठेवलं, चष्मा शोधला, गुडघ्यावर हात देऊन माझ्यावरून उठल्या आणि आत गेल्या. मी कान टवकारून बसलो.

"आहे बाई," आतून आवाज आला, "सव्वीसच आहे."